दहावीचं दार

तळेवाडीच्या शाळेला रॅम्प आहे. सिमेंटचा, चांगला रुंद, कडेला लोखंडी कठडा आणि कठड्याला निळा रंग. दरवर्षी तपासणी आली की त्याचा फोटो माझ्याच मोबाइलमधून वरच्या कार्यालयात जातो. एरवी त्यावरून मुख्याध्यापकांची मोटारसायकल व्हरांड्यात चढते आणि दिवसभर सावलीत उभी राहते. रॅम्प संपला की उजव्या हाताला जिना लागतो, आणि दहावीचा वर्ग त्या जिन्याच्या वर आहे. रॅम्प बांधणाऱ्यांपैकी किंवा तपासणाऱ्यांपैकी एकानं जरी तिथं उभं राहून मान वर केली असती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी तनुजा. उमरी तालुक्यातल्या शाळांवर फिरणारी विशेष शिक्षिका. ज्या मुलांना दिसायला, ऐकायला, चालायला किंवा समजायला अडचण आहे, ती गावच्या शाळेत टिकली पाहिजेत हे माझं काम. माझी स्कूटी, डिकीतली रंगीत खेळणी आणि माझी जीभ, तिन्ही तालुक्यात प्रसिद्ध आहेत. जिभेबद्दल तक्रारी जास्त.

या कामात माझे केस पांढरे झाले. मी लागले तेव्हा १९९५चा कायदा होता, आणि कागदावर 'अपंग' असं लिहायचे. पुढं २००९ साली शिक्षणाचा हक्क आला. मग २०१६चा कायदा आला, 'दिव्यांग' शब्द आला, आमची प्रशिक्षणं झाली, फायलींवरचे शिक्के बदलले. प्रत्येक कायदा आधीच्यापेक्षा चांगला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण दिल्लीहून निघालेला कायदा तळेवाडीला पोहोचेपर्यंत इतका दमतो, की आला तसा मुख्याध्यापकांच्या कपाटात जाऊन झोपतो. त्याला हलवून उठवायचं काम माझ्याकडे आहे, आणि त्याचा मला कंटाळा आलेला नाही. चिडचिड मात्र पुष्कळ होते.

तर शिवकांता. हनुमंत आणि अयोध्येची थोरली मुलगी. जन्मतःच दोन्ही पाय ताठर. सपाट जागेवर वॉकर धरून ती चालते, हळू, पण स्वतःची स्वतः. पायरी मात्र तिला जमत नाही. पहिलीत होती तेव्हापासून मी तिला पाहतेय. गणितात हुशार, इतिहासाचा मनापासून कंटाळा, आणि तोंडानं माझ्यासारखीच फटकळ. दहावी झाली की लातूरला अकरावी करायची, हे तिनं सातवीतच जाहीर केलं होतं. कोणी विचारलं, "लातुरात तुला कोण सांभाळंल?" तर म्हणायची, "लातुरात लिफ्ट असत्यात."

नववीपर्यंत तिचे सगळे वर्ग खाली होते, त्यामुळं निभावलं. नववीची परीक्षा संपली आणि एप्रिलमध्येच दहावीचे जादा तास सुरू झाले. आमच्याकडे दहावी म्हणजे अशीच, उन्हाळा बघत नाही. हनुमंत रोज पहाटे तिला पाठीवर घेऊन जिना चढायचा, बाकीची मुलं यायच्या आत. सोळा वर्षांच्या मुलीला बापानं पाठुंगळी घेतलेलं वर्गातल्या पोरांनी पाहू नये, एवढीच दोघांची इच्छा. दुपारी सगळे गेल्यावर तो तिला उतरवून आणायचा.

स्वच्छतागृह खाली. मग मधल्या वेळात तिला लागली तर? हा प्रश्न कोणालाच पडला नाही. मलाही सुचायला हवा होता, पण एप्रिलभर मला जनगणनेच्या कसल्याशा कामाला जुंपलं होतं. शिवकांतानं तो प्रश्न स्वतःच सोडवला. तिनं पाणी प्यायचं सोडलं. आदल्या संध्याकाळपासून घोटभरसुद्धा नाही.

महिनाअखेरीला तिला थंडी वाजून ताप आला, लघवीला आग, पोटात कळा. नांदेडला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळा, पाणी का पीत नाहीस?" तेव्हा पोरीनं भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं.

"बाटली भरलेली जायची आन् भरलेलीच यायची, मॅडम," अयोध्या मला फोनवर म्हणाली. "मला वाटायचं शाळंत फिल्टर हाय, तिथलं पेत असंल. मी त्येच पाणी झाडाला वतून देत व्हते." पुढं तिला बोलता येईना. 

मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. शिवकांता कॉटवर पाठ करून पडली होती. हनुमंतनं मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि एका दमात निर्णयही सांगून टाकला.

"आता बास, मॅडम. सतरा नंबरचा फॉर्म भरून टाकतो. घरी बसून करंल अभ्यास, परीक्षेला तेवढं नेऊन बसवतो. लई हाल झाले लेकराचे."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून दहावी. शाळेत नाव नाही, वर्ग नाही, शिकवायला सर नाहीत.

"आणि अकरावी?" मी विचारलं.

"ते बघू की म्होरं."

"म्होरं काय बघणार, हनुमंतभाऊ? दहावी घरी बसून झाली की अकरावीही घरी बसून. मग नुसतंच घरी बसून."

आतल्या खोलीच्या दाराशी भामाबाई बसल्या होत्या. हनुमंतच्या आत्या. लहानपणी पोलिओ झाला, लग्न झालं नाही, भावाच्या आणि मग भाच्याच्या घरी आयुष्य गेलं. दोन्ही हात टेकून सरकत त्या पुढं आल्या.

"माझ्या टायमाला तर कायदा बी नव्हता की बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या बापानं मला खांद्यावर घेऊन शाळंत नेलं. मास्तर म्हनला, हिला शिकून काय करायचं हाय, बसवा घरी. बापानं आनून वसरीवर बसवलं. त्येचा बी जीव व्हता माझ्यावर, याच्यासारखाच." त्यांनी हनुमंतकडे बोट केलं. "तवाधरनं बसलेलीच हाव."

हनुमंतनं मान खाली घातली. तो वाईट माणूस नाही, उलट इतका मायाळू बाप मी तालुक्यात पाहिला नाही. पण त्याच्या डोळ्यासमोर सलाइन लावलेली मुलगी होती. त्याच्यापुढं अकरावीची काय मातब्बरी?

"वर्ग खाली आणायला सांगू आपण," मी म्हणाले. "तिचा तो हक्क आहे. शाळेला नाही म्हणता येत नाही."

"नको," कॉटवरून आवाज आला. शिवकांता उठून बसली होती. "खाली आनला आन् निकाल पडला तर माझ्या नावानं बोंबलतील सगळे. मला गावात राहायचंय, मॅडम. तुमी जाताव स्कूटीवर बसून."

यावर माझ्याकडे कलम नव्हतं.

निकाल का पडेल, हे तळेवाडीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. दहावीची ती वरची खोली गावानं श्रमदानातून बांधली. त्याआधी या शाळेचा दहावीचा निकाल सांगायच्या लायकीचा नसायचा. खोली झाली आणि पहिल्याच वर्षी सगळी मुलं पास. त्यातला सत्यम नावाचा मुलगा पुढं लातूरला शिकून डॉक्टर झाला. तेव्हापासून गावाची खात्रीच पटली, की खोलीला गुण आहे. त्या वर्षी गणिताला नवे सर आले होते आणि त्यांनी मुलांना पहाटे उठवून घासून घेतलं होतं, ही गोष्ट कोणी लक्षात ठेवली नाही. निरोपसमारंभाच्या दिवशी दहावीची मुलं ओल्या हळदीत हात बुडवून खोलीच्या दारावर आतल्या बाजूनं पंजे उमटवतात. हळदीचा मुलूख आमचा, हळदीला तोटा नाही. दार आतून पिवळंधमक झालेलं आहे, पंजावर पंजा. परीक्षेला जाताना मुलं आपल्या थोरल्या भावाबहिणीचा पंजा शोधून त्यावर हात टेकवून जातात. अशी खोली सोडून वर्ग खाली आणा म्हणणं म्हणजे देव्हाऱ्यातला देव माळ्यावर ठेवा म्हणण्यासारखं होतं.

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले. रामलिंग सर सज्जन आहेत. इतके सज्जन, की कोणालाच दुखवायचं नसतं, आणि त्यामुळं कोणाचंच काम होत नाही.

"कायदा मला पाठ आहे, मॅडम," ते म्हणाले. "दिव्यांग विद्यार्थ्याला पोहोचता येईल अशीच वर्गखोली पाहिजे. शंभर टक्के मान्य."

"मग नववी वर, दहावी खाली. एका दुपारचं काम आहे."

"काम दुपारचं, पण निस्तरायचं मला वर्षभर." त्यांनी चष्मा पुसला. "शाळा उघडायच्या आधी पालकसभा घेतो. तुम्हीच समजावा त्यांना."

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची. बांधते म्हणाले. निघताना दिव्यांग स्वच्छतागृहाचं कुलूप उघडायला लावलं. आत खडूचे खोके, मोडके झाडू आणि गेल्या निवडणुकीचे फलक होते. ते माझ्या डोळ्यांदेखत बाहेर काढून घेतले तेव्हाच तिथून हलले.

सभेला गर्दी झाली. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष व्यंकट पुढंच बसला होता. मोठा शेतकरी, मोठा आवाज, आणि त्याचा मुलगा आदर्श यंदा दहावीत. शिवकांताही आली होती. अयोध्येनं तिला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं होतं, वॉकर शेजारी.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. १९९५ साली काय ठरलं, २००९ साली काय, २०१६ साली काय. शाळेची इमारत सगळ्यांना वापरता आली पाहिजे, हा उपकार नाही, हक्क आहे. लोकांनी शांतपणे ऐकलं. आमचे लोक कायद्याचं फार शांतपणे ऐकतात.

"कायदा मंजूर हाय, मॅडम," व्यंकट उठून म्हणाला. "पर मार्कं कायदा देनार हाय का? वीस वर्सं झाली, त्या खोलीचा निकाल खाली आला न्हाई. पोरायच्या भविष्याचा सवाल हाय."

"आणि हिच्या भविष्याचं काय?"

"हिचं बी बघू की! पोरगी काय परकी हाय का? आमी उचलून नेऊ. हनमंता कशाला एकला बेजार व्हतो? रोज चार पोरं लावतो मी. खुर्चीत बसवून, पालखीसारखं वर नेतेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बायांनीसुद्धा. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर भलेपणा होता आणि मला त्या भलेपणाला काठीनं झोडपावंसं वाटत होतं.

"मला कुनी उचलायचं न्हाई."

शिवकांता बसूनच बोलली, पण आवाज खोलीभर गेला. "उचलून वर नेसाल, काका. मधीच मला बाथरूमला लागली तर? पालखी बोलवू का?"

कोणी हसलं नाही. अयोध्येनं पदर तोंडाला लावला. बापयांच्या सभेत अशी गोष्ट मोठ्यानं बोलणारी तळेवाडीतली ती पहिलीच मुलगी असावी. व्यंकटनं खाली पाहिलं. त्यालाही मुली आहेत.

"पोरी, तुजं खरं हाय," तो म्हणाला. आता त्याचा आवाज लहान झाला होता. "लई खरं हाय. पर खोलीचा गुन..."

इथं माझा तोल गेला. इतका वेळ मी जीभ दातांत धरून ठेवली होती, ती सुटली.

"खोलीचा गुण, खोलीचा गुण! काय आहे हो त्या खोलीत? चार भिंती आणि एक दार. तुमचा सगळा जीव त्या दारात अडकलाय ना? मग दार काढून आणा की खाली! पोरीला उचलायला चार माणसं मिळतात, दाराला नाही मिळत?"

मी धाडकन खाली बसले. कान तापले होते. आता तक्रार वर जाणार, मॅडमनं गावाच्या श्रद्धेचा अपमान केला म्हणून. नोकरी कंत्राटी, नूतनीकरण जुलैत. गेलं सगळं, असं मी मनात म्हणाले.

 मग व्यंकट सावकाश म्हणाला, "दार निघतंय की."

मला वाटलं तो टोमणा मारतोय. पण मागून एकजण म्हणाला, "सागवानी चौकट हाय. धक्का न लागता निघंल."

"खालच्या खोलीला मापात बसंल का पर?"

"भिंत उलशीक फोडावी लागंल. खालचं दार बारकंच हाय."

"आमुशा झाल्यावर काढा म्हंजे झालं."

"आन् नववीला काय लावायचं?"

"नववीला कशाला गुन पायजे? नववीला खालचं दार बसवा."

तेव्हा कुठं हशा पिकला. मी बघतच राहिले. मी रागाच्या भरात बोलले होते, आणि ही माणसं त्यावर बांधकाम समितीसारखी चर्चा करायला लागली होती. हळूहळू माझ्या लक्षात आलं. या सगळ्यांना ती मुलगी खालीच शिकायला हवी होती. पण आपापल्या पोराचं नशीब मागं ठेवून खाली यायला पाय उचलत नव्हता. नशीबही सोबत येतंय म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

रामलिंग सरांनी तर कमालच केली. लोकांचा विचार बदलायच्या आत ठराव लिहिला, वाचला आणि व्यंकटची सहीसुद्धा घेतली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी घाई केलेली मी पाहिली.

कायद्यानं जे झालं नाही ते दारानं झालं, याचा मला राग यायला हवा होता. परत येताना स्कूटीवर मी तो आणायचा प्रयत्नही केला. पण नाही आला. मी एकटीच मोठमोठ्यानं हसत उमरीपर्यंत आले, आणि रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी मला वळून पाहिलं.

दार आणलं त्या दिवशी मी नव्हते. अयोध्येनं फोनवर सांगितलं. चौकट काढायच्या आधी व्यंकटनं घरून नवी चादर आणली आणि पंजे पुसू नयेत म्हणून दाराला गुंडाळली. मग चौघांनी ते आडवं धरून जिन्यावरून अगदी नवरदेव उतरवतात तसं उतरवलं. हलगी तेवढी नव्हती. भामाबाईंनी हट्ट धरला म्हणून हनुमंतनं त्यांना गाडीवर बसवून शाळेत नेलं. त्या वर्गातल्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि दार बसेपर्यंत उठल्या नाहीत.

शाळा उघडली त्या दिवशी मी सकाळीच पोहोचले. रॅम्पवर मोटारसायकल नव्हती, म्हणजे रामलिंग सर सुधारले होते. दाराला आंब्याचं तोरण. सुतार कडी बसवत होता. शिवकांता रॅम्पवरून वॉकर ढकलत येत होती, पाठीवर दप्तर, दप्तराच्या कप्प्यात पाण्याची बाटली. सगळ्या मुलांबरोबर, सगळ्यांच्या देखत. हनुमंत फाटकाशीच थांबला होता. तिनं त्याला पुढं येऊ दिलं नव्हतं.

ती दाराशी आली आणि थांबली.

मी तिच्या पायाकडे पाहिलं. उंबरा. जुन्या चौकटीला चांगला जाडजूड सागवानी उंबरा होता. गावानं तो चौकटीबरोबर प्रेमानं काढला होता, प्रेमानं बसवला होता आणि वर हळदकुंकूही वाहिलं होतं. एका जिन्याच्या जागी त्यांनी तिच्यासाठी एक पायरी आणून ठेवली होती. एवढ्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

शिवकांतानं वॉकर उचलून उंबऱ्यापलीकडे टेकवायचा प्रयत्न केला. एक पाय हलेना. वॉकर डगमगला. मागं मुलं खोळंबली. व्हरांड्यातून दोन-तीन माणसं लगबगीनं पुढं आली.

"धरा रे धरा, उचला तिला. एवढंच तर हाय."

"न्हाई," ती म्हणाली. ओरडली नाही. दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरला होता. "मला उचलू नका. मी घरी जाते."

फाटकाशी हनुमंतनं पाऊल उचललेलं मला दिसलं. मला माहीत होतं, आज ती इथून वळली तर परत येणार नाही. सतरा नंबरचा फॉर्म त्यानं फेकून दिलेला नव्हता.  उंबरा तोडा म्हणू? ज्यांना दार सोडवत नव्हतं, त्यांना उंबरा तोडा म्हणू? पहिल्याच दिवशी, हळदकुंकू वाहिलेला?

व्यंकट गर्दीतून पुढं आला. त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं, शिवकांताच्या पायांकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"आमी बी काय माणसं हाव," तो म्हणाला. मग त्यानं सुताराच्या पेटीतली करवत घेतली.

"अन्ना, उंबरा हाय तो," सुतार दबक्या आवाजात म्हणाला. "अपशकुन व्हईल."

"उंबऱ्याचं कोन म्हनलं?" व्यंकट गुडघे टेकून बसलाही होता. "आपलं काय ठरलं व्हतं सभंत? गुन दारात हाय, हेच की. पंजे कुठं हायत? दाराला हायत का उंबऱ्याला?" त्यानं मान वर करून सगळ्यांवर नजर फिरवली. "सांगा की. हाय का कुनाचा पंजा उंबऱ्याला?"

कोणाचा नव्हता.

"मग झालं तर. पोरी, उलशीक मागं सर."

त्यानं करवत लावली. जुनं सागवान, जाता जाईना. अर्ध्यावर तो घामाघूम झाला, तेव्हा सुतार पुढं बसला. मग हनुमंत फाटकापासून चालत आला आणि त्यानं करवत हातात घेतली. राहिलेलं त्यानं कापलं. सुतारानं पटाशीनं खालची धार साफ केली, आणि रामलिंग सरांनी स्वतः वाकून, सुटाबुटात, हातानं भुसा बाजूला सारला.

शिवकांतानं वॉकर पुढं ढकलला. तो आत गेला. मागून ती आत गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे फार बरं झालं. वाजवल्या असत्या तर मी वाजवणाऱ्याला बोलले असते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. इतकं हलकं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

पहिला तास गणिताचा. मी मागच्या बाकावर बसले. शिवकांता दुसऱ्या रांगेत, दाराजवळ. बाकावर टेकल्या टेकल्या तिनं बाटली काढली आणि गटागटा प्यायली. अर्धी संपवली. थोडं थांबली, उरलेलीही संपवली. रिकामी बाटली तिनं बाकावर उभी करून ठेवली, मला दिसेल अशी. मी मुद्दाम फळ्याकडे पाहत राहिले.

सरांनी समीकरण मांडलं. नवीन वर्ग, नवीन पुस्तक, मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. तास निम्मा झाला असेल नसेल, तोच दुसऱ्या रांगेतून एक हात वर गेला. करंगळी.

सरांचा खडू थांबला. कपाळाला आठ्या पडल्या.

"आताच तर वर्ग भरला की गं! घरून जाऊन येत नाहीत का?"

"लागली, सर," शिवकांता म्हणाली.

"जा. आणि लवकर ये, पुढचं गणित महत्त्वाचं आहे."

ती उठली, वॉकर वळवला आणि दारातून बाहेर गेली. व्हरांड्यात वॉकरच्या रबरी बुडांचा आवाज लांब लांब जात राहिला. वर्गातल्या एकाही मुलानं मान वर केली नाही. सर फळ्याकडे वळले. मी डिकीतलं काहीतरी आणायचं म्हणून उठले आणि बाहेर स्कूटीजवळ उभी राहून पोटभर रडून घेतलं.